मासा कोपऱ्यात बसलाय

“अहो, मासा आजही जेवला नाही.”

रामदास ओव्हाळ दाढीचा साबण तसाच तोंडावर घेऊन हॉलमध्ये आले. नव्या काचेच्या टाकीसमोर शालनताई शाळेची पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. बाकीचे मासे वर येऊन दाणे टिपत होते. सगळ्यांत मोठा, नारिंगी रंगाचा, लांब शेपटीचा मासा मात्र तळाशी कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून बसला होता.

“उपास असेल,” रामदास म्हणाले.

“आपल्या घरात?”

येरवड्यातल्या त्या फ्लॅटमध्ये उपास म्हणून कधी कुणी उपाशी राहिलं नव्हतं. नारळ फुटले ते चटणीसाठी, आणि लिंबू-मिरची एकत्र आली ती लोणच्यात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर रामदास विहारातलं ग्रंथालय सांभाळत आणि एखाद्या रविवारी तिथं व्याख्यान देत. विषय कोणताही असो, शेवट ठरलेला असे : “घाबरू नका, कारण शोधा!” शालनताई महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांना व्याख्यान द्यावं लागत नसे. त्या नुसती भुवई वर करत आणि समोरचा आपली राशीच्या खड्याची अंगठी खिशात घाली.

टाकी ही मुलाची, सौरभची कल्पना. सौरभ न्यू जर्सीत सॉफ्टवेअर कंपनीत होता. “बाबा, मासे बघितले की बीपी उतरतं. इथं डॉक्टर लोक वेटिंग रूममध्ये ठेवतात,” असं त्यानं फोनवर सांगितलं, आणि पुढच्याच रविवारी त्याचा मित्र राकेश स्टँड, टाकी, मोटर, खडी आणि मासे घेऊन दारात हजर झाला. त्यानं टाकीत नळाचं पाणी भरलं, चहा पिता पिता मासे सोडले, “काका, एन्जॉय!” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगसाठी बंगलोरला निघून गेला. तेव्हापासून रामदासांचं बीपी चढायला लागलं होतं.

त्यांनी भिंग आणलं. माशाच्या अंगावर रवा सांडावा तसे बारीक पांढरे ठिपके दिसत होते.

“संसर्ग आहे,” रामदास म्हणाले.

“परजीवी असणार,” शालनताई म्हणाल्या आणि बस चुकेल म्हणून घाईनं चपला घालू लागल्या. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या प्रेमलाताई सायीचं भांडं परत द्यायला आल्या. त्यांनी टाकीकडं पाहिलं आणि भांडं छातीशी धरलं.

“अगंबाई! हा आजारी पडला?”

“किरकोळ आहे,” रामदास म्हणाले.

“किरकोळ कसं म्हणता भाऊ? घरावर येणारं संकट मासा आपल्या अंगावर घेतो. आमच्या वास्तूवाल्या गुरुजींनी स्वतः सांगितलंय. माझ्या बहिणीकडचा मासा सकाळी गेला आणि दुपारी तिचे मिस्टर ट्रकखाली जाता जाता वाचले.”

“म्हणजे ब्रेक ट्रक ड्रायव्हरनं मारला आणि श्रेय माशाला?”

“तुम्ही करा हो चेष्टा. मासा मेला तर वाईट वाटून घेऊ नका एवढंच सांगते. संकट गेलं म्हणायचं.”

रामदासांना चेव आला. “प्रेमलाताई, मग मासा वाचला तर?”

“म्हणजे?”

“संकट माशानं घेतलं. मासा मेला की संकट मेलं. बरोबर? पण मासा बरा झाला, तर संकट कुठं जातं?”

हा प्रश्न गुरुजींना आजवर कुणी विचारलेला नसावा. “ते विचारून सांगते,” असं म्हणून त्या निघाल्या. शालनताईंनी भुवई वर केलीच होती. रामदासांनी प्रेमलाताईंना ऐकू जावं अशा आवाजात जाहीर केलं, “मासा जगेल नाहीतर मरेल. हा निसर्ग आहे. आपण त्याचा बाऊ करायचा नाही.”

“मुळीच नाही,” शालनताई म्हणाल्या. “मी तर आता बघणारसुद्धा नाही त्याच्याकडं.”

दोघंही या विजयावर खूश होते. हा विजय आपल्याला केवढ्याला पडणार आहे, हे त्यांना रविवारी सकाळी कळलं.

रविवारी सकाळी सौरभचा फोन येत असे. एरवी तो तिकडच्या थंडीपासून ते मॅनेजरच्या घटस्फोटापर्यंत सगळं सांगे. त्या रविवारी तो “इकडं सगळं ठीक आहे” असं म्हणाला. मग “एकदम ठीक आहे” म्हणाला. मग कुणी काही विचारलं नसताना “काळजी करण्यासारखं काहीच नाही” असंही म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर होतं की अमेरिकेत मंदी वाढली असून संगणक कंपन्या लोकांना घरी पाठवत आहेत. रामदासांनी पेपर घडी करून सोफ्याच्या गादीखाली ठेवला. शालनताईंनी तो आधीच वाचून पुन्हा होता तसा ठेवला होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या दुपारी रामदास मासा बघत बसले. मासा कोपऱ्यात होता. शाळेत असताना गणितात मार्क कमी पडले की सौरभ असाच, भिंतीकडं तोंड करून, न जेवता बसायचा.

‘मूर्खपणा आहे हा,’ त्यांनी स्वतःला बजावलं. ‘मासा न्यू जर्सीतल्या कंपनीत नोकरीला नाही.’ तरीही डोकं थांबेना. प्रेमलाताईंचा हिशोब खरा धरला, नुसता वादासाठी धरला, तर मासा मेला की सौरभवरचं संकट टळणार. म्हणजे औषध देऊन मासा वाचवणं म्हणजे मुलाचं संकट त्याला परत करणं. आणि औषध न देणं म्हणजे एक मुका जीव डोळ्यांदेखत मरू देणं. ‘कुठल्याही प्राण्याची हिंसा करणार नाही’ हे शील ते लहानपणापासून म्हणत आले होते, त्यात मासा वगळा असं कुठं म्हटलेलं नव्हतं. (बाजारातल्या बांगड्याचा विचार त्यांनी तूर्त बाजूला ठेवला.) शेवटी त्यांनी ठरवलं, मासा वाचवायचा. जीव आधी, बाकीचं नंतर. पण शालनसमोर कसा वाचवणार? बाऊ करायचा नाही असं त्यांनीच जाहीर केलेलं. आता धावपळ केली, की तिची ती भुवई वर जाणार.

सोमवारी शालनताई शाळेत गेल्यावर रामदासांनी बस धरली, महापालिकेपाशी उतरले आणि चालत कसबा पेठेत शिरले. राकेशनं जिथून मासे आणले होते ते दुकान तिथं होतं. दुकानदाराचं नाव पोपट, धंदा माशांचा. गल्ल्याच्या वर पाटी होती : ‘काचेवर टकटक करू नये. मासे दार उघडत नाहीत.’

“आमचा मासा आजारी आहे,” रामदास म्हणाले.

पोपटशेठ जाळी धुत होता. त्यानं मान वर केली नाही. “तक्रार कुणाची, माशाची की तुमची?”

“अहो, अंगावर पांढरे ठिपके आलेत. खात नाही. कोपऱ्यात बसतो.”

“पाणी कधी भरलं?”

“रविवारी. मागच्याच्या मागच्या.”

“मासे कधी सोडले?”

“त्याच दुपारी.”

आता पोपटशेठनं मान वर केली. “तुमच्या फ्लॅटचं प्लास्टर ओलं असताना राहायला गेला होतात का?”

“नाही. का?”

“मग त्यांनी का जावं? पाणी आधी आठवडाभर मुरू द्यायचं, मग मासे सोडायचे.” त्यानं एक बाटली काउंटरवर ठेवली. “हे निळं औषध. दिवसाआड झाकणभर. जाडं मीठ, मूठभर, एकदाच. पाणी जरा उबदार राहू द्या. खायला कमी घाला. आणि सारखं सारखं बघू नका त्यांच्याकडं.”

“बघण्यासाठीच तर घेतलेत.”

“मग टीव्ही घ्यायचात.”

रामदासांनी बाटली पिशवीत टाकली आणि आवाज खाली आणला. “शेठ, एक विनंती. मी इथं आलो होतो हे आमच्या घरी…”

“माझ्याकडं औषध मिळतं,” पोपटशेठ म्हणाला. “निरोप ठेवत नाही.”

मंगळवारी संध्याकाळी त्याच काउंटरवर एक बाई आल्या. खांद्याला पर्स, पर्समध्ये तपासायच्या वह्या. त्यांच्याही माशाला पांढरे ठिपके होते. त्यांनीही तीच बाटली घेतली आणि जाताना म्हणाल्या, “आमच्या मिस्टरांना कळता कामा नये. ते विहारात व्याख्यानं देतात.”

पोपटशेठनं पुन्हा तेच उत्तर दिलं.

मग ओव्हाळांच्या घरी मोठी शिस्तबद्ध शुश्रूषा सुरू झाली. शालनताई सकाळी शाळेत गेल्या की रामदास झाकणभर औषध टाकत आणि बाटली घरी आणलेल्या ग्रंथालयाच्या जुन्या अंकांमागं लपवत. रामदास संध्याकाळी ग्रंथालयात गेले की शालनताई झाकणभर औषध टाकत आणि बाटली डाळीच्या डब्यात लपवत. मीठ रामदासांनी टाकलं. मीठ शालनताईंनीही टाकलं. दिवसाआड हे दोघांनाही आठवत होतं, पण काळजी रोज वाटत होती, म्हणून औषधही रोज पडत होतं.

पाणी आधी आकाशी झालं, मग शाईसारखं गडद. रामदासांना वाटलं, औषध मुरतं तसा रंग चढत असणार. शालनताईंनी रासायनिक प्रक्रियेचा अंदाज बांधला. पण विचारायचं कुणाला? विचारलं तर पाणी निळं कशानं झालं इथून सुरुवात करावी लागली असती.

“दिवा बदलला का तुम्ही टाकीचा?” एवढंच शालनताईंनी एकदा विचारलं.

“नाही. का?”

“काही नाही. छान दिसतंय.”

ऑक्टोबरचा उकाडा होता. पाणी उबदार राहावं म्हणून रामदासांनी हॉलमधला पंखा बंद केला.

“पंख्याचा फार आवाज येतो,” ते म्हणाले.

“बरं केलंत. मलाही गारच वाटत होतं,” शालनताई कपाळावरचा घाम टिपत म्हणाल्या आणि खिडकीही लावून घेतली.

त्या बंद खोलीत दोघं घामाघूम होऊन टीव्ही बघत आणि टीव्हीच्या काचेत टाकीचं प्रतिबिंब बघत.

गुरुवारी विहारातले बापूराव पुढच्या व्याख्यानाचं ठरवायला आले. टाकीसमोर थबकले. मग त्यांनी हात जोडले.

“जय भीम, साहेब! पाणीसुद्धा निळं ठेवलंत? मानलं पाहिजे तुम्हाला. आमची निष्ठा झेंड्यापर्यंत, तुमची पार माशापर्यंत पोचली.”

रामदासांना खरं सांगता येईना आणि कौतुक घेववेना. ते नुसतेच हसले.

“या वेळी विषय काय ठेवायचा? ‘भीती आणि अंधश्रद्धा’ चालेल?”

“दुसरा काही नाही का?”

“तुमच्याइतकं त्यावर कोण बोलणार?” असं म्हणून बापूरावांनी तोच विषय पक्का केला आणि चहा पिऊन गेले.

औषधाचा गुण म्हणा किंवा त्या माशाचा मूळचा चिवटपणा म्हणा, शुक्रवारी सकाळी नारिंगी मासा कोपऱ्यातून बाहेर आला. टॉर्च मारून पाहिलं तेव्हा ठिपकेही थोडे कमी वाटले. रामदास इतके आनंदले की त्यांनी पंखा लावला. नेमकी तेव्हाच बेल वाजली आणि प्रेमलाताई आत आल्या.

“भाऊ, विचारलं हो मी गुरुजींना तुमचं ते.”

“कशाचं?” रामदास म्हणाले. त्यांना चांगलं आठवत होतं.

“मासा वाचला तर संकट कुठं जातं. गुरुजी म्हणाले, फार अवघड प्रश्न विचारलात. मासा बरा झाला, तर संकट दुसऱ्या माशाकडं जातं.”

“हो का? मनोरंजक आहे,” रामदास म्हणाले. त्या गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली, टॉर्च घेतला आणि दुसऱ्या माशांवर एकेक करून झोत टाकला. काळा मासा तळाशी बसला होता. त्याच्या शेपटीवर पांढरे ठिपके आले होते.

संसर्ग असा पसरतोच, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच तर पहिल्या दिवशी ‘संसर्ग’ हा शब्द उच्चारला होता. पण आता त्या शब्दानं समाधान होईना. नारिंगीचं संकट काळ्याकडं गेलं. काळ्याचं पांढऱ्याकडं जाईल. टाकीतले मासे संपले की? रामदास सोफ्यावर बसले. त्यांना सौरभचा “एकदम ठीक आहे” पुन्हा ऐकू आला. माणूस ठीक असला की ‘एकदम’ कशाला म्हणेल?

शाळेतून आल्यावर शालनताईंनी काळ्या माशाकडं पाहिलं. त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि रामदासांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

सोमवारी सकाळी टाकीतले सगळे मासे वर आले होते आणि पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होते.

“आज मला शाळेत मीटिंग आहे. उशीर होईल,” शालनताई म्हणाल्या.

“मलाही ग्रंथालयात दुपारपासून काम आहे. पुस्तकांना वाळवी लागलीय,” रामदास म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडं न बघता डबे भरले.

रामदासांना बस उशिरा मिळाली. पेठेतल्या गर्दीतून वाट काढत ते दुकानात शिरले तेव्हा पोपटशेठसमोर एक बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि रडवेल्या आवाजात सांगत होत्या, “सगळे आ करून बसलेत हो. औषध मी रोज न चुकता घालते.”

आवाज ओळखीचा होता. पर्स ओळखीची होती. रामदास मागं फिरणार तेवढ्यात पोपटशेठ म्हणाला, “या साहेब. तुमचा पण आ करून बसलाय का?”

शालनताईंनी वळून पाहिलं.

“अहो! तुम्ही? वाळवीचं काय झालं?”

“मीटिंग संपली?” रामदास म्हणाले.

पोपटशेठनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. “ओळख आहे का तुमची?”

“हे माझे मिस्टर आहेत.”

“बरं. आणि टाक्या किती?”

“एकच,” दोघं म्हणाले.

पोपटशेठनं हातातलं फडकं खाली ठेवलं. “म्हणजे सकाळी झाकणभर हे, संध्याकाळी झाकणभर तुम्ही. यांचं मीठ वेगळं, तुमचं वेगळं. खायला?”

“मी सकाळी थोडंसं…” रामदास म्हणाले.

“मी संध्याकाळी. अशक्त झालेत म्हणून जरा जास्त,” शालनताई म्हणाल्या.

“आणि अजून जिवंत आहेत?”

“दुपारपर्यंत तरी होते,” रामदास म्हणाले.

“मग मासे म्हणून दिलेत मी, पण पैलवान निघाले.”

“अहो शेठ, तुम्ही सांगायचं ना आम्हाला!” रामदास भडकले.

“तुम्ही म्हणालात, घरी कळू देऊ नका. बाई म्हणाल्या, मिस्टरांना कळू देऊ नका. आम्ही गिऱ्हाइकाचा शब्द पाळतो.” त्यानं दोन्ही हात झटकले. “नवीन औषध देत नाही. घरी जा, पाणी निम्मं काढा, रात्री भरून ठेवलेल्या शिळ्या पाण्यानं टाकी भरा. आणि यापुढं औषध एकानंच द्या. कोणी, ते घरी भांडून ठरवा. इथं गर्दी करू नका.”

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी शेजारी जागा मिळाली. बस संगमवाडीच्या पुलावर आली.

“मी मुलांना विज्ञान शिकवते हो,” शालनताई एकदम म्हणाल्या. “आणि परवा शनिवारी मी वर्गात जंतुसंसर्ग शिकवत होते आणि मनात म्हणत होते, काळ्याला काही होऊ नये. मला माझीच लाज वाटली.”

“मला सांगायचंस.”

“तुम्ही हसला असता.”

“मी?” रामदासांनी खिडकीबाहेर पाहिलं. “विहारात सांगतो घाबरू नका, आणि घरी टॉर्च घेऊन माशाच्या शेपटीवरचे ठिपके मोजतो. मी कुणाला हसणार?”

“आपण माशाला नाही घाबरलो. सौरभसाठी घाबरलोय.”

हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. एवढे दिवस दोघंही माशाची काळजी करत होते, कारण मुलाची काळजी करायची तर ती मोठ्यानं करावी लागली असती. रामदासांनी बायकोचा हात धरला. भर बसमध्ये, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

“घरी गेल्या गेल्या फोन लावू,” ते म्हणाले.

“आत्ता तिकडं सकाळ असेल. तो ऑफिसात असणार.”

“घरच्या मशीनवर निरोप ठेवू. रविवारची वाट बघू नकोस म्हणून सांगू.”

घरी आल्यावर टाकीकडंसुद्धा न बघता रामदासांनी फोन लावला. मशीनवर काय बोलायचं याची त्यांनी जिन्यात तयारी केली होती. पण पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला आणि पलीकडून, आईवडिलांशी कधी काढला नव्हता इतका गोड आवाज आला, “हॅलो, गुड मॉर्निंग, धिस इज सौरभ स्पीकिंग!”

“सौरभ?”

मग नेहमीच्या आवाजात, “बाबा? तुम्ही? मला वाटलं इंटरव्ह्यूचा फोन.”

“कसला इंटरव्ह्यू? ऑफिसात गेला नाहीस तू?”



“बाबा, जॉब गेला माझा. अख्खी टीमच काढली. मी सांगणार होतो.”

शालनताई रिसीव्हरला कान लावून उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. जे होऊ नये म्हणून झाकणं ओतली ते झालं होतं. रामदासांच्या तोंडून मात्र भलताच प्रश्न बाहेर पडला.

“मासे आणायच्या आधी गेला, की नंतर?”

“काय?”

“नोकरी. टाकी आणली त्याच्या आधी गेली, की नंतर? नीट आठवून सांग.”

“आधी! अहो बाबा, म्हणून तर राकेशला टाकी आणायला लावली. म्हटलं, मासे बघून तुमचं बीपी जरा खाली आलं, की मग सांगावं.”

रामदास खुर्चीत बसले. मुलाची नोकरी गेल्याचं दुःख होतंच, ते छातीवर दगडासारखं होतं. पण त्या दगडाखालून एक जुनी, ओळखीची गोष्ट वर आली. कारण सापडलं होतं. संकट आधी आलं होतं आणि मासे नंतर. त्या बिचाऱ्यांनी कुणाचं काही अंगावर घेतलं नव्हतं. ओल्या प्लास्टरच्या घरात राहायला आले म्हणून ते आजारी पडले, आणि दोन शिकलेल्या माणसांनी प्रेमानं त्यांची आणखी दुर्दशा केली. आता ते नुसते मासे होते, आणि वाचवायचे तर ते स्वतःसाठीच वाचवायचे होते.

“काय म्हणतोय तो?” शालनताईंनी डोळे पुसत विचारलं.

“मासे निर्दोष आहेत,” रामदास म्हणाले आणि मग फोनवर त्यांचा आवाज चढला. “महिनाभर तू तिथं एकटा बसलास? आम्हाला सांगितलं नाहीस?”

“तुम्हाला काळजी लागली असती बाबा.”

“आणि न सांगून लागली नाही? तुझ्या ‘एकदम ठीक’नं आमची झोप उडवली! जेवतोस का नीट?”

“जेवतो. हिंजवडीतल्या एका कंपनीशी बोलणं चाललंय. इथं नाही जमलं तर परत येईन म्हणतो. चालेल ना?”

“चालेल ना म्हणजे? घर आहे तुझं!” रामदासांचा आवाज फाटला. ते सावरले आणि उठून उभे राहिले. विहारात शेवटच्या वाक्याला उभे राहत तसे. “ऐक. तुझ्या आईसमोर सांगतो. यापुढं या घरात कुणीही, कितीही वाईट गोष्ट असो, कुणापासून लपवायची नाही. मोकळेपणानं सांगायची. कळलं?”

शालनताई जोरजोरात मान हलवत होत्या.

“कळलं बाबा.” सौरभनं नाक ओढलं. आवाजावरनं तो कितीतरी दिवसांनी हलका झाला होता. “प्रॉमिस. आता नाही लपवणार. बरं, मासे कसे आहेत?”

रामदासांनी टाकीकडं पाहिलं. गडद निळ्या पाण्याच्या वर सगळ्यांची तोंडं रांगेत उघडमिट करत होती, आणि काळा जरासा तिरपा झाला होता. त्यांनी शालनताईंकडं पाहिलं. शालनताईंनी नकारार्थी मान हलवली.

“मजेत,” रामदास म्हणाले.

शालनताईंनी त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. “खातात तर इतकं, की आवरावं लागतं बघ,” त्या लेकाला म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याला खूण केली, बादली आणा, पटकन.